अभिप्रायाचा प्रवास : फायलीतून फळ्यापर्यंत

सत्र संपत आलेले असते. परीक्षेचे वेळापत्रक फलकावर झळकलेले असते. जर्नलवर सही घेण्यासाठी प्रयोगशाळेबाहेर रांग लागलेली असते. अशा धावपळीत वर्गप्रतिनिधी निरोप घेऊन येतो, ‘फीडबॅक फॉर्म आजच्या आज भरायचा आहे.’ मोबाइलवर फॉर्म उघडला जातो, वीस-पंचवीस प्रश्नांपुढे वरपासून खालपर्यंत एकच पर्याय निवडला जातो आणि दोन मिनिटांत विषय संपतो. पुढे त्या उत्तरांचे रंगीत आलेख तयार होतात, त्यांच्या छापील प्रती फायलीत लागतात आणि मूल्यांकन समितीच्या भेटीपर्यंत ती फाइल कपाटात विसावते. ज्या वर्गात ते अभिप्राय जन्माला आले, त्या वर्गातील शिकवण्यात मात्र तसूभरही फरक पडत नाही.

राज्यातील अनेक महाविद्यालयांत कमी-अधिक प्रमाणात हेच चित्र दिसते. वास्तविक, वर्गात काय समजले आणि काय डोक्यावरून गेले, हे विद्यार्थ्यांइतके नेमकेपणाने दुसरे कोणीच सांगू शकत नाही. मग हा अभिप्राय अध्यापन सुधारण्याच्या कामी का येत नाही? आणि तो यावा यासाठी काय करायला हवे?

नॅकने काय सांगितले?

भारतीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला औपचारिक स्थान मिळाले ते प्रामुख्याने राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेमुळे, म्हणजेच ‘नॅक’मुळे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने महाविद्यालयांच्या गुणवत्तेचे मोजमाप सुरू केले आणि महाविद्यालयांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे ‘आयक्यूएसी’ उभे राहिले. अभिप्राय गोळा करण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी याच कक्षाकडे असते.

नॅकने २०१७ मध्ये आणलेल्या आराखड्यात अभिप्रायाचा दोन ठिकाणी विचार केलेला होता. पहिले म्हणजे महाविद्यालयाने स्वतः घेतलेले अभिप्राय. त्यासाठी पाच पायऱ्यांची उतरंड होती. अभिप्राय घेतलाच नाही, ही सर्वांत खालची पायरी. त्यानंतर नुसता गोळा केला, गोळा करून विश्लेषण केले, विश्लेषणानुसार कार्यवाही केली, अशा चढत्या पायऱ्या. कार्यवाही करून तो संकेतस्थळावर सर्वांसाठी उपलब्ध केला, ही सर्वांत वरची पायरी. दुसरे म्हणजे ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’. यात नॅक विद्यार्थ्यांशी थेट संपर्क साधून २१ प्रश्न विचारीत असे. त्यांपैकी २० प्रश्न पर्यायांचे होते, तर शेवटच्या प्रश्नात अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना करण्यास सांगितलेले होते.

कल्पना चांगली होती. मात्र तिची एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. समाधान सर्वेक्षण संपूर्ण महाविद्यालयाविषयी विचारते. ‘शिक्षक तयारी करून येतात का?’ या प्रश्नाचे उत्तर पंधरा शिक्षकांची सरासरी काढून दिलेले असते. त्यातून संस्थेचे साधारण चित्र समजते, परंतु द्वितीय वर्षाला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने उद्याच्या तासाला काय बदलावे, हे त्यातून कळू शकत नाही. त्यासाठी विषयनिहाय आणि वर्गनिहाय अभिप्रायच हवा. शिवाय ‘कार्यवाही केली’ हे कागदावर दाखवणे सोपे असते. पाच पायऱ्यांपैकी चौथी पायरी खऱ्या अर्थाने चढणे हेच अवघड काम आहे.

शतकभराचा अनुभव

विद्यार्थ्यांनी शिक्षकांविषयी मत नोंदवण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स या मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच अशी गुणश्रेणी तयार केली होती. पुढे जगभरातील विद्यापीठांनी ती पद्धत उचलली. या दीर्घ अनुभवातून तिचे गुणही कळले आणि दोषही.

१९७० च्या दशकातील एक प्रयोग आजही सांगितला जातो. मायकेल फॉक्स या नटाला ‘डॉ. फॉक्स’ या नावाने तज्ज्ञ म्हणून डॉक्टर व शिक्षणतज्ज्ञांपुढे उभे करण्यात आले. त्याच्या भाषणात विनोद होते, आत्मविश्वास होता. आशय मात्र जवळजवळ नव्हता. तरीही श्रोत्यांनी त्याला उत्तम अभिप्राय दिला. १९७३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘छान बोलणे म्हणजे छान शिकवणे का?’ हा प्रश्न ऐरणीवर आला.

अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतील विद्यार्थ्यांचा स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कोणत्या विद्यार्थ्याला कोणता शिक्षक मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरते, त्यामुळे तुलना विश्वसनीय होते. ज्या शिक्षकांच्या वर्गाला त्या परीक्षेत चांगले गुण मिळाले, त्यांना अभिप्रायही चांगले मिळाले. परंतु पुढच्या, अधिक अवघड विषयांत त्यांचेच विद्यार्थी तुलनेने मागे पडले. परीक्षेपुरते शिकवणारा शिक्षक त्या घडीला लोकप्रिय ठरतो, पाया पक्का करणाऱ्याचे महत्त्व मात्र विद्यार्थ्यांना उशिरा कळते, असा याचा अर्थ लावता येतो. हार्वर्ड विद्यापीठातील २०१९ च्या अभ्यासातही याच जातीची गोष्ट दिसली. ज्या वर्गात विद्यार्थ्यांना स्वतः प्रश्न सोडवायला लावले, तेथे ते प्रत्यक्षात अधिक शिकले. त्यांना स्वतःला मात्र ‘आपण कमी शिकलो’ असे वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांना ‘जास्त शिकलो’ असे वाटत होते.

पूर्वग्रहाचाही प्रश्न आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑनलाइन अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दोघा शिक्षकांनी काही गटांना स्वतःचे पुरुषी नाव सांगितले, तर काहींना स्त्रीचे. विद्यार्थ्यांनी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता. शिकवणारी व्यक्ती तीच असूनही पुरुषी नावाला अधिक गुण मिळाले. गृहपाठ दोघांनी एकाच वेळी तपासून दिला असतानाही तत्परतेचे गुण वेगवेगळे पडले. अभ्यासातील विद्यार्थ्यांची संख्या लहान होती, मात्र पुढे इतर ठिकाणच्या मोठ्या अभ्यासांतही स्त्री शिक्षकांच्या वाट्याला असाच अन्याय आल्याचे दिसले. कॅनडातील टोरंटो येथील रायर्सन विद्यापीठात तर हा वाद लवादापुढे गेला. शिक्षकाची बढती वा नोकरीतील कायमपण ठरवताना अध्यापनाची परिणामकारकता मोजण्यासाठी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे गुण वापरू नयेत, असा निवाडा २०१८ मध्ये देण्यात आला.

याचा अर्थ विद्यार्थ्यांना विचारूच नये असा नाही. काय विचारावे आणि उत्तराचा उपयोग कशासाठी करावा, याचे तारतम्य बाळगावे, एवढाच तो आहे.

काय विचारावे, काय विचारू नये

प्राध्यापक वेळेवर येतात का, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का, फळ्यावरचे दिसते का, शंका विचारली तर उत्तर मिळते की अपमान होतो, चाचणीचे पेपर तपासून किती दिवसांत परत मिळतात, या गोष्टींचा विद्यार्थी प्रत्यक्ष साक्षीदार असतो. त्याविषयीची त्याची साक्ष मोलाची असते. मात्र ‘प्राध्यापकांचे विषयज्ञान कितपत सखोल आहे?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत असतो आणि तो अस्थानी आहे. जो विषय आपण प्रथमच शिकत आहोत, त्यातील शिक्षकाच्या अधिकाराची परीक्षा विद्यार्थी कशी करणार? ते काम त्याच विषयाच्या सहकाऱ्यांनी तास पाहून आणि प्रश्नपत्रिका, टिपणे तपासून करायचे असते.

एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबण्याची चूकही सर्रास आढळते. ‘शिकवणे स्पष्ट व रंजक आहे का?’ या प्रश्नाला ज्याला स्पष्ट वाटते पण रंजक वाटत नाही, त्याने काय उत्तर द्यावे? प्रश्न मोजके, एका प्रश्नात एकच मुद्दा आणि शक्य तेथे मत विचारण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारणारा असावा. ‘मूल्यमापन समाधानकारक आहे का?’ यापेक्षा ‘चाचणीतील चुका तुम्हाला समजावून सांगितल्या गेल्या का?’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे.

आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारायला हवा : ‘या विषयाच्या साधारण किती तासांना आपण उपस्थित होता?’ महाविद्यालयात नाव आणि शिकणे मात्र क्लासमध्ये, अशी स्थिती अनेक शहरांत आहे. चार तासांना बसलेल्याचे आणि चाळीस तासांना बसलेल्याचे मत एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

भाषेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत इंग्रजीतून धडे घेणारे विद्यार्थी राज्यात मोठ्या संख्येने आहेत. त्यांची अडचण नेमकी भाषेचीच असते आणि ती सांगण्यासाठी त्यांच्या हाती प्रश्नावली मात्र इंग्रजीतील! ती दोन्ही भाषांत असावी आणि सूचना कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा असावी, ही किमान अपेक्षा आहे.

सत्र संपल्यावर कशाला?

सत्राच्या शेवटी घेतलेल्या अभिप्रायात एक अंगभूत दोष असतो. सांगणाऱ्याला त्याचा काहीच लाभ नसतो. सुधारणा झालीच तर ती पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी. म्हणूनच सत्राच्या मध्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात अभिप्राय घेण्याची पद्धत अनेक देशांत रुजली आहे. आपल्याकडे पहिल्या सत्रात गणपतीच्या सुट्टीचा सुमार त्यासाठी सोयीचा ठरू शकतो. तोवर विद्यार्थ्यांना शिकवण्याचा अंदाज आलेला असतो आणि बदल करायला प्राध्यापकांच्या हाती काही आठवडे शिल्लक असतात.

त्यासाठी लांबलचक फॉर्मची गरज नाही. काय सुरू करावे, काय थांबवावे आणि काय तसेच चालू ठेवावे, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. याहून सोपी पद्धत म्हणजे ‘एका मिनिटाची चिठ्ठी’. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८० च्या दशकात ती प्रचारात आली आणि टॉमस अँजेलो व पॅट्रिशिया क्रॉस यांच्या वर्गातील मूल्यमापनावरील पुस्तकामुळे जगभर पोचली. तास संपण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी कागदाच्या कपट्यावर, नाव न लिहिता, दोन उत्तरे लिहायची : आज शिकलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती आणि कोणता प्रश्न अजून अनुत्तरित आहे? शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या तुकडीतील चिठ्ठ्या चाळायला अर्धा तास पुरतो. तीस चिठ्ठ्यांवर एकच शंका दिसली, तर पुढच्या तासाची सुरुवात कोठून करायची हे वेगळे सांगावे लागत नाही. यात शिक्षकाला गुण दिले जात नाहीत, त्यामुळे भीतीलाही जागा उरत नाही.

वॉशिंग्टन विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित झालेल्या आणखी एका पद्धतीत शिकवणारा शिक्षक वर्गाबाहेर थांबतो आणि त्याचा एखादा सहकारी विद्यार्थ्यांशी बोलतो. विद्यार्थी लहान गटांत चर्चा करून शिकण्यास काय मदत करते, काय अडथळा ठरते आणि त्यावर उपाय काय, हे एकमताने सांगतात. एकट्यादुकट्याचा राग त्यात गळून पडतो आणि बहुतेकांना जाणवणारी अडचण वर येते. सहकारी ती खासगीत शिक्षकाच्या कानावर घालतो. नुसते आकडे हाती देण्यापेक्षा अनुभवी सहकाऱ्याने त्यांवर चर्चा केली तर अध्यापनात अधिक सुधारणा होते, असा निष्कर्ष पीटर कोहेन यांनी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन १९८० मध्येच मांडला होता.

सरासरीचा चकवा

अभिप्रायाचे विश्लेषण म्हणजे सरासरी, असे समीकरण बहुतेक ठिकाणी झाले आहे. ते फसवे आहे. समजा, साठ जणांच्या वर्गात तीस जणांनी पाचपैकी पाच गुण दिले आणि तीस जणांनी एक. सरासरी तीन. शेजारच्या वर्गात साठही जणांनी तीनच गुण दिले. तेथेही सरासरी तीन. आकडा एकच, पण दुखणे निराळे. दुसऱ्या वर्गात शिकवणे सर्वांनाच बेताचे वाटते. पहिल्या वर्गात मात्र अर्ध्यांना ते उत्तम समजते आणि अर्ध्यांच्या पदरी काहीच पडत नाही. ते अर्धे कदाचित मराठी माध्यमातून आलेले असतील, कदाचित बारावीला गणित न घेतलेले असतील. प्राध्यापकाने शोधायचे ते हे. सरासरी नेमके तेच झाकून टाकते.

संख्येचे भानही हवे. बारा विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर वर्गातील सहा जणांनी फॉर्म भरला आणि त्यातल्या एकाने रागाच्या भरात पाचऐवजी एक गुण दिला, तर सरासरी ०.६७ ने घसरते. नव्वद जणांनी फॉर्म भरलेल्या वर्गात त्याच रागाचा परिणाम ०.०४ इतकाच होतो. तरीही ४.२ आणि ४.३ गुणांच्या प्राध्यापकांची क्रमवारी लावून ती सूचना फलकावर लावण्याचा मोह काही संस्थांना आवरत नाही. दशांशातील असा फरक अनेकदा निव्वळ योगायोगाचा असतो.

उघड प्रश्नांची उत्तरे हा खरा खजिना असतो, परंतु वाचायला वेळ लागतो म्हणून तीच बाजूला पडतात. ती विषयवार लावली की दोन ढीग सहज वेगळे होतात. एक, शिक्षकाच्या हातातील गोष्टी : वेग, उदाहरणे, फळ्याचा वापर, शंकांना दिलेला वेळ. दुसरा, त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टी : बंद पडलेला प्रोजेक्टर, माइक नसलेला लांबलचक वर्ग, ग्रंथालयात अपुऱ्या प्रती, सकाळी सातचा तास आणि लोकलचा प्रवास. दुसऱ्या ढिगाचे उत्तर शिक्षकाकडे मागणे अन्यायाचे आहे. तो प्राचार्यांकडे आणि महाविद्यालय विकास समितीकडे जायला हवा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात अशी समिती बंधनकारक केली आहे.

दोन्हीकडची भीती

अभिप्रायाची व्यवस्था बिघडते ती बहुधा भीतीमुळे. विद्यार्थ्याला भीती असते ती अंतर्गत गुणांची, प्रात्यक्षिक परीक्षेची आणि जर्नलवरील सहीची. फॉर्म भरताना ई-मेल पत्ता नोंदवला जात असेल, तर ‘तुमचे नाव गुप्त राहील’ या आश्वासनावर कोण विश्वास ठेवणार? छोट्या वर्गात हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखू येतो. त्यामुळे ओळख पटवणारी कोणतीही नोंद घेऊ नये, संकलन त्या विषयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने करावे आणि सत्राअखेरचे अभिप्राय निकाल लागेपर्यंत संबंधित प्राध्यापकाला दाखवू नयेत, हे तीन नियम कटाक्षाने पाळायला हवेत.

दुसरी भीती प्राध्यापकांची. राज्यातील महाविद्यालयांत पूर्णवेळ पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्यामुळे अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे येईल की नाही, याची त्यांना शाश्वती नसते. अशा शिक्षकाच्या डोक्यावर अभिप्रायाच्या गुणांची तलवार टांगली, तर तो काय करेल? अवघड प्रकरण टाळेल, चाचणी सोपी काढेल, हजेरीकडे काणाडोळा करेल. गुण वाढतील आणि शिकणे घटेल. कायम प्राध्यापकही या दडपणातून पूर्णपणे सुटलेले नाहीत. अभियांत्रिकीसारख्या तांत्रिक शिक्षणसंस्थांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१९ मध्ये शिक्षकांच्या सर्वांगीण मूल्यांकनाची पद्धत आणली. तीत १०० पैकी २५ गुण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला देण्यात आले. उरलेले ७५ गुण इतर बाबींना आहेत, हे त्यातले तारतम्य. परंतु ज्या अभिप्रायावर बढती अवलंबून आहे, तोच अभिप्राय मोकळेपणाने वाचून स्वतःत बदल करणे माणसाला जड जाते.

यावर उपाय म्हणजे दोन्ही कामे वेगळी करणे. सत्राच्या मध्यावरचा अभिप्राय केवळ शिक्षकासाठी असावा. तो प्राचार्यांच्या टेबलावर जाऊ नये. सत्राअखेरचा संस्थेसाठी असावा आणि तोही एका सत्राच्या आकड्यावरून निर्णय न घेता, दोन-तीन वर्षांचा कल, सहकाऱ्यांनी पाहिलेले तास आणि विद्यार्थ्यांची पुढील प्रगती यांच्या जोडीने वाचला जावा.

दहा मिनिटांचे उत्तर

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी शेवटची आहे : विद्यार्थ्यांना उत्तर देणे. अभिप्राय घेतल्यावर आठवड्याभरात प्राध्यापकाने तासातील दहा मिनिटे राखून तीन गोष्टी सांगाव्यात. तुम्ही काय म्हणालात, त्यातले मी काय बदलणार आहे आणि काय बदलू शकत नाही व का. ‘वेग जास्त आहे असे चाळीस जणांनी लिहिले आहे, म्हणून दर शुक्रवारी शेवटची वीस मिनिटे उजळणीला देऊ. साप्ताहिक चाचणी बंद करा असेही अनेकांनी लिहिले आहे. ती बंद होणार नाही, कारण तिच्यामुळेच कोणाचे कोठे अडते हे मला कळते.’ एवढे ऐकले तरी आपले लिहिलेले वाचले गेले, ही खात्री वर्गाला पटते आणि पुढचा फॉर्म गांभीर्याने भरला जातो. विद्यार्थ्यांची प्रत्येक मागणी मान्य करणे म्हणजे अभिप्रायाचा आदर नव्हे. नकाराचे कारण सांगणे हाही आदरच आहे.

अर्थात विद्यार्थ्यांचीही जबाबदारी आहे. ‘मॅडम बोअर करतात’ या वाक्यातून कोणालाच काही हाती लागत नाही. मन मात्र दुखावते. ‘गणित सोडवताना मधल्या पायऱ्या तोंडी सांगितल्या जातात, फळ्यावर लिहिल्या जात नाहीत, त्यामुळे घरी वही उघडल्यावर काही उमगत नाही,’ या वाक्यातून दुसऱ्याच दिवशी बदल होऊ शकतो. उपयोगी अभिप्राय कसा लिहावा, यासाठी प्रथम वर्षाच्या प्रवेशोत्सवात अर्धा तास खर्च केला तरी पुष्कळ काही साधेल. बाह्यरूप, कपडे, बोलण्याची ढब यांवरचे शेरे लिहू नयेत, हेही तेव्हाच सांगायला हवे.

या सगळ्यासाठी मोठा निधी लागत नाही, नवी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती ऐकण्याची तयारी. परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका त्याला काय आले नाही ते सांगते, पण तोवर उशीर झालेला असतो. तीच गोष्ट सहाव्या आठवड्यात एका चिठ्ठीवर कळली असती, तर कदाचित त्याचे वर्ष वाचले असते. मूल्यांकन काही वर्षांतून एकदा होते. मागच्या बाकावरचा न समजलेला विद्यार्थी मात्र रोज समोर बसलेला असतो.